‘ब्रदर-इन-लॉ’मधला ‘लॉ’ नेमका कुणाचा?

शब्दसखी

मी मराठी कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरं करते. खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, जबान्या. या कामात सगळ्यात जास्त अडवणारे शब्द कायद्याचे नसतात, नात्याचे असतात. मध्यंतरी शेताच्या हद्दीच्या वादातली एक जबानी हातात आली. साक्षीदार बाई सांगत होत्या, "मोजणीच्या दिवशी धाकटे दीर, नंदावा आणि आमच्या ताईचे यजमान बांधावर उभे होते. दिरांनी हद्दीचा दगड हलवला, नंदाव्यांनी त्यांना अडवलं, ताईच्या यजमानांनी फोटो काढला." हे सरळ इंग्रजीत घातलं तर दगड हलवणारा ब्रदर-इन-लॉ, अडवणारा ब्रदर-इन-लॉ आणि फोटो काढणाराही ब्रदर-इन-लॉ. तिघांचीही नाती फोड करून लिहिली तेव्हाच कुणी काय केलं ते कळलं.

तेव्हापासून या ‘इन-लॉ’च्या मागे लागले. आपल्याकडे सर्रास सांगतात की याचा अर्थ ‘कायद्यापुरता भाऊ’, म्हणजे रक्ताचा नाही, फक्त कागदोपत्री. आणि त्यावरून पुढे ‘बघा, इंग्रजांची नाती कशी कोरडी’ असं भाष्यही येतं. मला ते पटत नाही. या शब्दाचा इतिहास जवळजवळ उलटं सांगतो.

हा ‘लॉ’ राजाचा नाही, कोर्टाचाही नाही. तो चर्चचा आहे. मध्ययुगीन युरोपात कुणाचं कुणाशी लग्न होऊ शकतं हे चर्च ठरवायचं आणि त्यासाठी चर्चचा स्वतंत्र कायदा होता, कॅनन लॉ. त्याचा पाया बायबलमधलं वचन: लग्नानंतर नवरा-बायको ‘एकदेह’ होतात. दोघं एकदेह, तर बायकोची बहीण ही नवऱ्याची बहीणच झाली आणि नवऱ्याचा भाऊ हा बायकोचा भाऊच झाला. मग बहीण-भावाचं लग्न जसं निषिद्ध, तसंच हेही. बायको वारली तरी निषिद्धच. अशी नाती किती लांबपर्यंत धरायची याचीही मोजणी होती. आधी सातव्या पायरीपर्यंत मनाई होती, १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेत पोप तिसऱ्या इनोसंटने ती चौथ्या पायरीपर्यंत खाली आणली.

म्हणजे ‘ब्रदर-इन-लॉ’चा मूळ अर्थ ‘विवाहाच्या कायद्याच्या दृष्टीने भाऊच’. इंग्लंडातल्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमध्ये ‘आँ लेइ’ (‘कायद्याने’) अशी शब्दयोजना होती, इंग्रजी प्रयोग बहुधा तिच्यावरूनच बेतला. ‘ब्रदर-इन-लॉ’ १३००च्या सुमाराला इंग्रजीत सापडतो, बाकीचे त्याच्या पाठोपाठ. यात दुरावा कुठेच नाही. लग्नाने आलेल्या माणसाला सख्ख्याच्या पंक्तीला बसवणारा शब्द आहे हा, इतका सख्खा की त्याच्याशी सोयरीक होऊ शकत नाही.

अधिक माहिती असणाऱ्यांनी भर घालावी. आणि मूळ इंग्रजीत या नात्यांना काय म्हणत होते, त्यावरही लिहायचं आहे. ते पुढच्या प्रतिसादात.

माळावरचा

उत्तम धागा. वाचतोय.

एक शंका. चर्चचा कायदा असला तरी सामान्य माणसाच्या बोलण्यात तो शब्द इतका का रुजावा? लग्न तर आयुष्यात एकदा होतं. रोज उठून कुणी मनाईची यादी बघत नसणार.

बखरवाचक

@माळावरचा, रोज बघत नसतील, पण यादी डोळ्यांसमोर असायची. १५६३ साली कँटरबरीचे आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनी निषिद्ध नात्यांचा तक्ता तयार केला. तो इंग्लंडमधल्या चर्चांमध्ये लावलेला असे, पुढे तो प्रार्थनापुस्तकातही छापला जाई. ‘पुरुषाने आपल्या आजीशी लग्न करू नये’ इथपासून सुरुवात. मग आजेसासू, सासू, सून, मेहुणी, भावजय. पुरुषांसाठी एक यादी, बायकांसाठी दुसरी. लांबलेल्या प्रवचनात समोरच्या भिंतीवर तो तक्ता वाचत वाढलेल्या पिढ्यांना ‘इन-लॉ’ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

आणि या एका शब्दापायी इंग्लंडचा धर्म बदलला, हेही इथे नोंदवायला हवं. आठव्या हेन्रीची पहिली राणी कॅथरीन ऑफ ॲरागॉन ही त्याच्या थोरल्या भावाची, आर्थरची विधवा. आर्थर १५०२ साली वारला. कॅथरीन ही हेन्रीची ‘सिस्टर-इन-लॉ’, म्हणजे चर्चच्या हिशेबाने बहीण. म्हणून पोप दुसऱ्या ज्युलियसकडून खास सूट आणावी लागली आणि १५०९ साली लग्न झालं. पुढे मुलगा होईना. तेव्हा हेन्रीने बायबलमधल्या लेवीय पुस्तकातलं वचन पुढे केलं: भावाच्या बायकोशी संबंध ठेवणारा निःसंतान राहील. पोपने मुळात सूट द्यायलाच नको होती, असा त्याचा दावा. विरुद्ध बाजूने बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन दाखवलं, तिथे भाऊ निपुत्रिक वारला तर त्याच्या विधवेशी दिराने लग्न करावं अशी आज्ञाच आहे. एकाच ग्रंथातली दोन वचनं, आणि त्यांच्यावर युरोपभरच्या विद्यापीठांनी मतं दिली. १५३३ साली कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस क्रॅन्मरने ते लग्न रद्दबातल ठरवलं आणि पुढच्याच वर्षी राजा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला.

त्यातली आणखी एक गाठ फारशी सांगितली जात नाही. ॲन बोलिनशी लग्न करायला निघालेल्या हेन्रीचे तिची बहीण मेरी हिच्याशी आधी संबंध होते. कॅनन लॉमध्ये हे नातं नुसत्या लग्नाने नाही, शरीरसंबंधानेही लागायचं. म्हणजे त्या हिशेबाने ॲनही त्याची मेहुणीच. त्यासाठी १५२७ साली त्याने पोपकडे वेगळी सूट मागितली होती. एका भावजयीशी झालेलं लग्न निषिद्ध म्हणून मोडायचं आणि त्याच पायरीवरच्या दुसरीसाठी परवानगी मागायची!

कोयनाकाठ

हे खूप छान. पण मेहुणीशी लग्नाला मनाई हे वाचून नवल वाटलं. आपल्याकडे बायको गेल्यावर पाठच्या मेहुणीशी लग्न ही कित्येक घरांत घडलेली गोष्ट. माझ्या आजोळी दोन पिढ्यांत आहे. ‘पोरांना मावशीच आई म्हणून बरी’ असं म्हणत.

बखरवाचक

@कोयनाकाठ, अगदी हाच युक्तिवाद इंग्लंडमध्येही होता, याच शब्दांत. गरिबाघरी बाळंतपणात बाई गेली की पोरं सांभाळायला तिची बहीणच यायची. पण १८३५च्या कायद्याने असं लग्न सरळ रद्दबातल ठरवलं. त्याआधी निदान कुणी आव्हान देईपर्यंत ते टिकत तरी होतं. मग ऐपत असलेले लोक परदेशात जाऊन लग्न लावायचे. चित्रकार विल्यम होल्मन हंट यांनी पहिली बायको फॅनी वारल्यावर १८७५ साली तिच्या बहिणीशी, ईडिथशी स्वित्झर्लंडमध्ये लग्न केलं, कारण इंग्लंडमध्ये ते कायदेशीर झालं नसतं. खुद्द व्हिक्टोरिया राणीलाही याचा फटका बसला. तिची मुलगी ॲलिस १८७८ साली वारली, तेव्हा जावयाशी, हेसच्या लुईशी, धाकट्या बिएट्रिसचं लग्न लावावं असं तिच्या मनात होतं. राणीच्या मनात असूनही कायदा आडवा आला.

पार्लमेंटमध्ये हा विषय पिढ्यान् पिढ्या येत राहिला आणि लॉर्डांच्या सभागृहात बिशप मंडळी तो पाडत राहिली. शेवटी १९०७ साली दिवंगत पत्नीच्या बहिणीशी लग्नाला परवानगी मिळाली. दिवंगत भावाच्या विधवेसाठी १९२१ उजाडलं. म्हणजे ‘सिस्टर-इन-लॉ’मधला ‘लॉ’ विसाव्या शतकापर्यंत जिवंत, अंमलात असलेला कायदा होता. तो गेला, शब्द राहिला.

तारीखपेतारीख

वकिली करतो, म्हणून आपल्या बाजूची भर. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्येही निषिद्ध नात्यांची व्याख्या आहे, कलम ३ मध्ये. तिच्यात भावाची बायको आहे, काकू आहे, मामी आहे, आजोबांच्या भावाची बायको आहे. सून आणि सावत्र आईसुद्धा ‘वंशजाची किंवा पूर्वजाची पत्नी’ म्हणून येतात. पण बायकोची बहीण त्या यादीत नाही. म्हणजे भावजय निषिद्ध, मेहुणी नाही. आणि निषिद्ध नात्यांतही दोघांच्या समाजात तशी रूढी असेल तर कलम ५ सूट देतं. चर्चच्या हिशेबात या दोघी एकाच पायरीवर होत्या. आपल्याकडे कुळाचा विचार आड येतो: भावजय कुळात आलेली असते, मेहुणी दुसऱ्या घरची असते.

मेपलपान

शब्दसखी, जुने इंग्रजी शब्द सांगणार होतात, त्याची वाट बघतेय. मी टोरांटोला असते. इथे लेकीला सून, जाऊ, नणंद हे शब्द शिकवताना तिने विचारलं होतं की इंग्रजीत पहिल्यापासूनच असं एकाच शब्दावर भागवत होते का.

शब्दसखी

@मेपलपान, लेकीचा प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. उत्तर: नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, म्हणजे जुन्या इंग्रजीत, या नात्यांना स्वतंत्र शब्द होते, आणि ते ऐकले की कुणाही मराठी माणसाचे कान टवकारतील.

सासरा: ‘स्वेओर’. सासू: ‘स्वेगर’. सून: ‘स्नोरु’. दीर: ‘ताकोर’. जावई: ‘आथुम’.

आता संस्कृत बघा. श्वशुर, श्वश्रू, स्नुषा, देवर. ‘स्वेओर’ आणि ‘श्वशुर’ एकाच मुळाचे, लॅटिनमधला ‘सोकेर’ आणि ग्रीकमधला ‘हेकुरोस’ही तिथलेच. ‘स्नोरु’ आणि ‘स्नुषा’ सख्खी भावंडं, लॅटिन ‘नुरुस’ हे तिसरं. आपला सासरा श्वशुरातून आला, सासू श्वश्रूतून, सून स्नुषेतून प्राकृत ‘सुण्हा’ करत करत. म्हणजे सोलापूरची सासू आणि आल्फ्रेड राजाच्या काळातली ‘स्वेगर’ या एकाच घरातून निघालेल्या.

‘ताकोर’ आणि ‘देवर’ वरवर जुळत नाहीत, पण तेही एकच. मूळ शब्दातला ‘द’ जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांमध्ये नियमाने ‘त’ होतो (आपला ‘दोन’, त्यांचा ‘टू’; आपला ‘दात’, त्यांचा ‘टूथ’). लॅटिनमध्ये तोच ‘लेविर’, ग्रीकमध्ये ‘दाएर’. आणि रशियनमध्ये आजही नवऱ्याच्या भावाला ‘देवेर’ म्हणतात, सुनेला ‘स्नोखा’, आणि नवऱ्याच्या वडलांना ‘स्व्योकर’. रशियन माणसाला ‘देवर’ शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात ही सगळी मंडळी एका ऋचेत भेटतात:

सम्राज्ञी श्वशुरे भव सम्राज्ञी श्वश्र्वां भव ।
ननान्दरि सम्राज्ञी भव सम्राज्ञी अधि देवृषु ॥

सासऱ्यावर, सासूवर, नणंदेवर, दिरांवर तुझं राज्य असो. आजही लग्नात भटजी ही ऋचा म्हणतात. मला इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या प्राचीन शब्दांत जे जे पक्के सापडतात ते जवळपास सगळे नवऱ्याकडच्या माणसांचे आहेत: सासरा, सासू, दीर, नणंद, जाऊ. जाऊसुद्धा संस्कृत ‘यातृ’तून येते आणि तिची लॅटिन, ग्रीक भावंडं आहेत. बायकोच्या माणसांसाठी मात्र असे भाषाभाषांत जुळणारे शब्द मिळत नाहीत. म्हणजे हा सगळा शब्दसंग्रह नव्या घरात पाऊल टाकलेल्या मुलीच्या नजरेतून घडलाय. तिला त्या घरातल्या प्रत्येकाला वेगळं नाव लागत होतं, कारण प्रत्येकाशी वागायची रीत वेगळी होती.

इंग्रजीत हे शब्द नॉर्मन आक्रमणानंतरच्या शतकांत विझत गेले आणि त्यांच्या जागी ‘इन-लॉ’ आला. जर्मनमध्ये ते पूर्ण गेले नाहीत. तिथे मेहुण्याला ‘श्वागर’ आणि सासूला ‘श्वीगरमुटर’ म्हणतात, आणि ‘श्वीगर’ म्हणजे आपली श्वश्रूच.

मेपलपान

वाचता वाचता अंगावर काटा आला. लेकीला आजच दाखवते. ‘स्नोखा’ तिला आवडेल, तिची एक रशियन मैत्रीण आहे.

जुनीपाने

या धाग्यात एक अडचणीची गोष्ट टाकतो, कारण जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचणारा इथे हमखास अडखळतो. एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे सावत्र आईसुद्धा. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये सॅम वेलर आपल्या बापाच्या दुसऱ्या बायकोला ‘मदर-इन-लॉ’ म्हणतो. सॅमचं तर तेव्हा लग्नही झालेलं नाही. जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त (१८११) पहिल्याच प्रकरणात मरणाऱ्या बापाने जॉन डॅशवूडला त्याच्या ‘मदर-इन-लॉ’ची काळजी घ्यायला सांगितलेलं आहे, तीही सावत्र आई. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’मध्ये रिचमंड लॉर्ड स्टॅन्लीला ‘फादर-इन-लॉ’ म्हणून हाक मारतो, तो त्याच्या आईचा नवरा.

शब्दसखींनी सांगितलेल्या अर्थाने हे बरोबर बसतं. सावत्र आई ही बापाशी लग्न झाल्याने, म्हणजे विवाहाच्या कायद्याने, आई. सासूही त्याच कायद्याने आई. दोघींसाठी एकच शब्द पुरत होता. फ्रेंचमध्ये ते अजून तसंच आहे, ‘बेल-मेर’ म्हणजे सासूही आणि सावत्र आईही. शब्दशः ‘सुंदर आई’, पण तिथे ‘बेल’ हे सौंदर्याचं वर्णन नसून आदराने हाक मारायची जुनी रीत आहे. डच लोकांनी त्याचं शब्दशः भाषांतर करून ‘स्खोनमूडर’ केला. आणि स्कॉटलंडमध्ये सासूला ‘गुड-मदर’, मेहुण्याला ‘गुड-ब्रदर’ म्हणायची पद्धत होती.

माळावरचा

मग ‘स्टेप-मदर’ कुठून आलं? एक पायरी लांबची आई, असंच ना?

जुनीपाने

@माळावरचा, पायरीशी त्याचा संबंध नाही, उच्चार तेवढा जुळला. जुन्या इंग्रजीतला ‘स्टेओप’ म्हणजे पोरका, जवळचं माणूस गमावलेला. ‘स्टेओप-चाइल्ड’ म्हणजे पोरकं मूल. त्या मुलाला सांभाळणारी ती ‘स्टेओप-मदर’. शब्दात बाई केंद्रस्थानी नाही, पोरका जीव आहे. आपल्याकडचा ‘सावत्र’ मात्र सवतीच्या, म्हणजे संस्कृत ‘सपत्नी’च्या कुळातला. तिथे बायका-बायकांमधलं नातं मध्ये येतं.

वऱ्हाडकर

आमच्या विदर्भात थोरल्या दिराला ‘भासरे’ म्हणतात हो. धाकटा तो दीर, थोरला तो भासरा. भाऊ आणि सासरा एकत्र करून झालेला शब्द, म्हणजे सासऱ्याच्या जागी असलेला भाऊ. माझी आजी भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नसे, धाकट्या दिराशी मात्र भरपूर थट्टामस्करी. आजी पुण्याची असती तर तिने दोघांनाही दीरच म्हटलं असतं, फार तर थोरले आणि धाकटे.

इंग्रजी शब्द सख्खेपणा दाखवतो हे शब्दसखींचं म्हणणं मला अर्धंच पटतं. इतिहासात तो सख्खेपणा असेल, पण आज त्याच्या मागे वागण्याची कोणतीच रीत उरलेली नाही. ‘भासरे’ म्हटलं की पदर सावरला जातो. ‘ब्रदर-इन-लॉ’ म्हटलं की काय होतं?

शब्दसखी

@वऱ्हाडकर, ‘भासरे’ हा शब्द इथे आणलात, फार बरं झालं. तुमचा आक्षेप वजनदार आहे. पण इंग्रजी शब्दामागेही रीत होती, आणि कडक होती: या माणसाशी लग्न करायचं नाही. तीच एक रीत त्या शब्दाने सांभाळली, बाकी काही सांभाळलं नाही. मराठी शब्द कुणापुढे पदर घ्यायचा, कुणाची थट्टा करायची, कुणाला अहो म्हणायचं हे सांगतात. कामं वेगळी, म्हणून शब्द वेगळे.

आपल्या शब्दांतही लग्नाचे नियम लपलेले आहेत, फक्त ते मनाईचे नाहीत, पसंतीचे आहेत. जुन्या घरांत सून सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणते आणि सासूला ‘आत्याबाई’. सासरा मामा आणि सासू आत्या कशी? जिथे मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न करायची चाल आहे तिथे हे अक्षरशः खरं असतं. आतेभावाशी लग्न झालेल्या मुलीची सासू ही तिची आत्याच. ‘मेहुणा’ही तिथेच पोचतो. संस्कृत ‘मैथुन’ म्हणजे मुळात जोडी, जुळणी. त्यावरून आलेला प्राकृत शब्द आतेमामेभावाला लावत. मामाचा मुलगा आणि बायकोचा भाऊ एकच असतील तर शब्दही एकच. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात ठेवला तो यासाठीच: इथे उत्तरेचे शब्द आहेत आणि दक्षिणेसारखी मामेबहिणीशी लग्नाची चालही आहे.

गोंयचोराजू

कोकणीत सासऱ्याला ‘मांव’ आणि सासूला ‘मांय’ म्हणतात. मांव हा मामाच्याच घरचा दिसतो, म्हणजे तुमचे मामंजी आणि आमचा मांव जवळचे.

ख्रिस्ती घरांत मेहुण्याला ‘कुन्याद’ ऐकू येतं, ते पोर्तुगीज ‘कुन्यादु’. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये त्याच्या पूर्वज शब्दाचा अर्थ ‘रक्ताचा नातेवाईक’ असा होता, आणि पोर्तुगीज, स्पॅनिशमध्ये तो नेमका बिनरक्ताच्या मेहुण्यावर येऊन स्थिरावला. पोर्तुगीज सासरा ‘सोग्रु’ आणि सून ‘नोरा’, म्हणजे वर सांगितलेले ‘सोकेर’ आणि ‘नुरुस’. गोव्यात दोन्ही वाटांनी एकच शब्द आले म्हणायचे, सून प्राकृतातून आणि नोरा लिस्बनहून.

पूर्वभाग

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, शेजारी सगळे तेलुगू पद्मशाली. त्यांच्यात साडूला ‘तोडल्लुडु’ म्हणतात आणि जावेला ‘तोडिकोडलु’. अल्लुडु म्हणजे जावई, कोडलु म्हणजे सून. ‘तोड’ म्हणजे जोडीचा. जोडीचा जावई, जोडीची सून. किती नेमकं आहे! दक्षिणेकडच्या ऑफिसांत साडूला ‘को-ब्रदर’ आणि जावेला ‘को-सिस्टर’ म्हणतात त्याला इंग्रज हसतात, पण ते याच पद्धतीचे शब्द आहेत. इंग्रजीत जागा मोकळी होती, आपल्या लोकांनी भरली.

कानडीत साडूला ‘षड्डक’ म्हणतात, तो आपल्या साडूचाच भाऊ वाटतो.

मेपलपान

साडूसाठी आणि व्याह्यांसाठी इंग्रजीत शब्दच कसा नाही, याचं उत्तर कुणी देईल का? लेकीच्या लग्नात इथल्या लोकांना ‘हे माझे व्याही’ म्हणून ओळख करून द्यायची होती. ‘माझ्या जावयाचे वडील’ असं सांगावं लागलं.

शब्दसखी

@मेपलपान, याचं उत्तर मला त्या चर्चच्या कायद्यातच दिसतं. वर सांगितलेल्या १२१५च्या परिषदेनंतर एक तत्त्व पक्कं झालं: लग्नाच्या नात्यातून पुढे आणखी लग्नाचं नातं निर्माण होत नाही. नवऱ्याचं नातं जडतं ते बायकोच्या रक्ताच्या माणसांशी. बायकोच्या बहिणीचा नवरा हा तिच्या रक्ताचा नाही, म्हणजे दोन साडू कॅनन लॉप्रमाणे एकमेकांचे कुणीच नाहीत. तसंच वराचे आईवडील आणि वधूचे आईवडील यांच्यातही कायद्याने काहीच नातं लागत नाही. नातंच नाही तर ‘इन-लॉ’ लावणार कशाला? आता शब्दकोश साडूलाही ब्रदर-इन-लॉमध्ये घेतात, पण तो नंतरचा विस्तार.

मी ही एकच गोष्ट कारण आहे असं म्हणणार नाही. स्पेनही कॅथलिकच, तरी स्पॅनिशमध्ये व्याह्यांना ‘कोन्सुएग्रो’ (सहसासरा) आहे आणि साडूला ‘कोन्कुन्यादो’. यिद्दिश बोलणाऱ्या ज्यूंमध्ये व्याह्यांसाठी ‘मखुतोनिम’ आहे, अमेरिकेत ज्यू कुटुंबांच्या इंग्रजीतही तो ऐकू येतो. जिथे दोन घरांचा व्यवहार लग्नानंतरही चालू राहतो, देणंघेणं, सणवार, रुसवेफुगवे, तिथे व्याह्यांना नाव लागतंच. माझं मत विचाराल तर ओळख करून देताना ‘व्याही’च म्हणावं आणि अर्थ सांगावा.

तारीखपेतारीख

+१. कोर्टाच्या इंग्रजी कागदांतही ‘व्याही’ तसाच ठेवून अर्थ पुढे लिहिलेला मी पाहिलाय, कुणाची हरकत नसते.

कोयनाकाठ

दोन बारीक प्रश्न. अनेकवचन ‘मदर्स-इन-लॉ’ की ‘मदर-इन-लॉज’? आणि नुसतं ‘इन-लॉज’ म्हणजे सासरची मंडळी, हे कधीपासून?

जुनीपाने

अनेकवचन ‘मदर्स-इन-लॉ’, कारण आया अनेक, कायदा एकच. षष्ठी मात्र शेवटी लागते, ‘मदर-इन-लॉज हाउस’. नुसतं ‘इन-लॉज’ बरंच अलीकडचं. १८९४ साली ब्लॅकवुड्स मासिकात ते छापून आलं, आणि तिथे हा शब्द व्हिक्टोरिया राणीचा असल्याचं सांगतात असंही म्हटलं होतं. खरंखोटं लेखकालाही ठाऊक नव्हतं. पण नऊ मुलांची लग्नं लावून युरोपभरच्या राजघराण्यांशी सोयरीक जोडलेल्या बाईंना असा एक सामूहिक शब्द लागला असेल, यात नवल नाही.

मेपलपान

शेवटचं विचारते. ‘ब्राइड’ या शब्दाचंही असंच काही आहे का?

शब्दसखी

आहे, आणि ते या धाग्यातच बसणारं आहे. ‘ब्राइड’चा सगळ्यात जुना जर्मानिक नमुना गॉथिक भाषेतल्या बायबलमध्ये मिळतो, ‘ब्रूथ्स’. मत्तयाच्या शुभवर्तमानात सासू-सुनेच्या वितुष्टाचं वचन आहे, तिथे तो सुनेसाठी वापरलाय. फ्रेंचांनी हाच शब्द जर्मानिक लोकांकडून घेतला, आणि त्यांच्याकडे ‘ब्रू’ म्हणजे आजही सून. म्हणजे इंग्रजीतून ‘स्नोरु’ गेली तरी सुनेचा एक जुना शब्द लग्नमंडपात नवरीच्या नावाने राहिलाच आहे. ‘ब्राइडग्रूम’मधला ‘ग्रूम’ घोडे सांभाळणारा नव्हे. मूळ शब्द ‘ब्रूडगुमा’, त्यात ‘गुमा’ म्हणजे पुरुष. ‘गुमा’ वापरातून गेल्यावर लोकांनी सोळाव्या शतकात त्याला ओळखीचा ‘ग्रूम’ जोडला.